पासपोर्टाचें दप्तर व त्याची राखण

मनुष्य परदेशीं जावयास निघाला म्हणजे त्याच्या सामानांतील सर्वांत हलकी व सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे त्याचा पासपोर्ट. ट्रंक हरवली तर दुसरी विकत घेतां येते, पैसे संपले तर कोणी ओळखीचा उसने देतो. परंतु ही लहानशी पुस्तिका नाहींशी झाली असतां परक्या मुलुखांत आपण कोण, हेंच सिद्ध करणें दुर्घट होऊन बसतें. म्हणूनच आपल्याकडे घरोघर ती दागिन्यांच्या शेजारीं कपाटांत कुलुपांत ठेवलेली असते. ही काळजी योग्यच होय. परंतु या पुस्तिकेचें एक जुळें भावंड असतें व तें मात्र आपल्या कपाटांत नसतें, याचा विचार फार थोडे लोक करितात. तें भावंड म्हणजे सरकारी संगणकांतील आपली नोंद.

पुस्तिका ही त्या नोंदीचा केवळ उतारा होय. पुस्तिकेची राखण आपण करितों. नोंदीची राखण दुसरे कोणी करितात. ती राखण कशी होते, कोठें ढिली पडते व ढिली पडली असतां कोणाचें काय जातें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या भाषेंत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं कित्येक मुलें शिक्षणासाठीं व चाकरीसाठीं समुद्रापलीकडे गेलीं आहेत व आणखी कित्येक जाण्याच्या तयारींत आहेत. तेव्हां हा विषय केवळ संगणक शिकणारांचा नाहीं, घरोघरचा आहे.

प्रथम पासपोर्ट व व्हिसा यांतील भेद ध्यानीं घ्यावा. पासपोर्ट आपलें सरकार देतें. आपल्या देशांत तो सन १९६७ च्या पासपोर्ट कायद्यान्वयें मिळतो. व्हिसा म्हणजे ज्या देशीं जावयाचें त्या देशानें दिलेली प्रवेशाची परवानगी. याचा अर्थ असा कीं, एकाच प्रवाशाची माहिती निदान दोन सरकारांच्या दप्तरांत जाते. त्या माहितींत काय काय असतें? नांव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-बापांचीं नांवें, राहण्याचा पत्ता, छायाचित्र. व्हिसाच्या अर्जांत तर चाकरी, प्राप्ति, पूर्वीचे प्रवास, परदेशांतील नातलग, हेंहि विचारलें जातें. अमेरिकेसारखा देश बहुतेक अर्जदारांच्या दहाहि बोटांचे ठसे घेतो. जें आपण शेजाऱ्यास सांगणार नाहीं, तें आपण त्या अर्जांत लिहितों. आणि येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एखाद्या दुकानदाराचा आपणांस भरंवसा वाटला नाहीं तर आपण दुसऱ्या दुकानीं जातों. परंतु पासपोर्टासाठीं दुसरें दुकान नाहीं. माहिती द्यावयाची नसेल तर प्रवास सोडावा, एवढाच मार्ग उरतो. ज्याच्या स्वाधीन आपण नाइलाजानें आपली ठेव करितों, त्याची जबाबदारी स्वखुषीनें निवडलेल्या राखणदाराहून अधिक जड असली पाहिजे. आमच्या या सर्व लेखाचें सार हेंच आहे.

असल्या दप्तराच्या राखणदाराचीं कर्तव्यें तीन. पहिलें गुप्ततेचें : ज्यास अधिकार आहे त्यानेंच माहिती पाहावी, इतरानें पाहूं नये. दुसरें शुद्धतेचें : माहिती खरी असावी व ती कोणास चोरून बदलतां येऊं नये. तिसरें उपलब्धतेचें : काम पडेल तेव्हां दप्तर उघडलें पाहिजे. या तिहींतील प्रत्येक कर्तव्य जगांत कोठें ना कोठें मोडलेलें आहे. तें कसें मोडलें हें पाहिलें म्हणजे विषय आपोआप उलगडेल.

गुप्ततेच्या भंगाचें पहिलें उदाहरण आपल्याच देशाशीं निगडित आहे. ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्या भारतीयांचे अर्ज स्वीकारण्याचें काम ब्रिटिश सरकारनें व्ही. एफ. एस. या खाजगी कंपनीकडे सोंपविलें होतें. व्हिसाचे अर्ज गोळा करणारी ही कंपनी सन २००१ मध्यें मुंबईंत उदयास आली व पुढें जगभर पसरली. अर्ज इंटरनेटवर भरण्याची तिनें सोय केली होती. सन २००५ च्या डिसेंबरांत एका भारतीय अर्जदाराच्या असें ध्यानीं आलें कीं, पडद्याच्या वरच्या बाजूस संकेतस्थळाचा जो पत्ता दिसतो, त्यांतील अंक बदलले असतां दुसऱ्याच कोणाचा अर्ज समोर उघडतो. त्यांत त्या परक्या मनुष्याची सर्व खाजगी माहिती वाचावयास मिळत असे.

हें कसें घडलें, तें शाळेंतील दाखल्यानें समजून घेऊं. समजा, परीक्षेची गुणपत्रिका देण्यासाठीं एक कारकून खिडकींत बसला आहे. मुलगा येऊन "माझा क्रमांक ४१" असें म्हणतो व कारकून त्यास गुणपत्रिका देतो. मग तोच मुलगा "आतां क्रमांक ४२" असें म्हणतो व कारकून तीहि त्याच्या हातीं देतो. कारकुनानें क्रमांक विचारला, परंतु हा क्रमांक तुझाच कशावरून, हें विचारलें नाहीं. क्रमांक ही ओळख नव्हे. तो केवळ पत्ता होय. घराचा पत्ता ठाऊक असणें निराळें व घरांत शिरण्याचा अधिकार असणें निराळें. वरील संकेतस्थळानें हा भेद पाळला नाहीं. फाटकावर पहारा होता, परंतु आंतील खोल्यांस कड्याच नव्हत्या. संगणकशास्त्रांत हा दोष इतका प्राथमिक मानला जातो कीं, नवशिक्यासहि तो आरंभींच शिकवितात. तरीहि मोठमोठ्या संस्थांच्या कामांत तो वारंवार आढळतो.

परंतु या गोष्टींतील खरी शोचनीय बाब पुढेंच आहे. त्या अर्जदारानें उघड्या दारांतून लाभ उठविला नाहीं. त्यानें ही उणीव कंपनीस व ब्रिटिश अधिकाऱ्यांस पत्रानें कळविली. तरीहि दार उघडेंच राहिलें. सुमारें दीड वर्षानें, म्हणजे सन २००७ च्या मे महिन्यांत, ब्रिटनमधील चॅनल ४ या दूरचित्रवाणीनें ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली, तेव्हां कोठें तें संकेतस्थळ बंद झालें. लिंडा कॉस्टेलो बेकर यांजकडे स्वतंत्र चौकशी सोंपविण्यांत आली व तींत व्यवस्थेचे अनेक दोष उघड झाले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानें असा निर्णय दिला कीं, ब्रिटिश परराष्ट्र खात्यानें माहिती-रक्षणाचा कायदा मोडला. काम कंपनीचें होतें, परंतु जबाबदारी खात्याची ठरली, हें येथें ध्यानांत घ्यावें. काम दुसऱ्यास देतां येतें. जबाबदारी देतां येत नाहीं.

गुप्ततेस बाहेरच्या मनुष्याकडूनच धोका असतो असें नाहीं. पुष्कळदां किल्ली ज्याच्या कमरेस असते त्याचाच मोह अनर्थ करितो. सन २००८ मध्यें अमेरिकेंत अध्यक्षपदाची निवडणूक चालूं होती. त्या वर्षीं मार्च महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, बराक ओबामा, हिलरी क्लिंटन व जॉन मॅकेन या तिन्ही उमेदवारांच्या पासपोर्टाच्या फाइली परराष्ट्र खात्यांतील व कंत्राटदारांकडील नोकरांनीं कांहीं काम नसतां उघडून पाहिल्या होत्या. कारण विचारतां, केवळ कुतूहल असें दिसून आलें. खात्याच्या महानिरीक्षकांनीं जुलै महिन्यांत अहवाल प्रसिद्ध केला. त्या दप्तरांत सुमारें १२ कोटि ७० लक्ष लोकांच्या १९ कोटि २० लक्ष फाइली होत्या व त्या पाहण्याची मुभा सुमारें २०,५०० नोकरांस होती. निरीक्षकांनीं १५० प्रसिद्ध व्यक्तींचीं नांवें घेऊन तपास केला. त्यांपैकीं १२७ जणांच्या फाइली साडेपांच वर्षांत एकंदर ४,१४८ वेळां उघडल्या गेल्या होत्या. एका व्यक्तीची फाइल तर ७७ जणांनीं मिळून ३५६ वेळां पाहिली होती.

या आंकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. येथें कोणी कुलूप फोडलें नाहीं. प्रत्येकाजवळ रीतसर मिळालेली किल्ली होती. उमेदवारांच्या फाइली पाहिल्याचें कळलें, तें तरी निवडक प्रसिद्ध नांवांवर धोक्याची घंटा बसविलेली होती म्हणून. ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येत नाहींत, त्या सामान्य माणसांच्या फाइलींस अशी घंटा कोठून असणार? पुढें कित्येक नोकरांवर खटले झाले व त्यांस शिक्षाहि झाल्या. परंतु बोध असा कीं, किल्ल्या मोजक्या हातीं असाव्यात, कोणी केव्हां कोणती फाइल उघडली याची टिपणवही आपोआप लिहिली जावी, आणि ती वही कोणीतरी नित्य वाचावी. न वाचली जाणारी टिपणवही आणि झोंपलेला पहारेकरी सारखेच.

तिसरा धोका नकलेचा. कागदाची फाइल एका जागीं असते. संगणकांतील माहितीची नक्कल क्षणांत होते व मूळ जेथल्या तेथें राहतें, म्हणून चोरी झाल्याचें कळतहि नाहीं. सन २०१९ मध्यें अमेरिकेच्या सीमा-रक्षण खात्यानें असें जाहीर केलें कीं, चेहऱ्यावरून प्रवासी ओळखण्याच्या प्रयोगांत काम करणाऱ्या एका पोटकंत्राटदारानें प्रवाशांचीं छायाचित्रें परवानगीवांचून आपल्या संगणकांवर नेलीं होतीं व तेथून तीं चोरट्यांच्या हातीं लागलीं. पुढील तपासांत सुमारें १,८४,००० छायाचित्रें असल्याचें आढळलें. खात्याच्या मुख्य दप्तरावर हल्ला झालाच नव्हता. वाड्याचा दरवाजा भक्कम होता, परंतु धान्य कणगींतून काढून कोणी उघड्या ओट्यावर ठेविलें होतें.

आणि चेहरा व बोटांचे ठसे यांच्या बाबतींत हानि कायमची असते. पासवर्ड चोरीस गेला तर नवा करितां येतो, पासपोर्ट गेला तर नव्या क्रमांकाचा मिळतो. परंतु बोटें नवीं मिळत नाहींत. सन २०१५ मध्यें अमेरिकन सरकारच्या नोकरवर्ग-कार्यालयावर सायबर-हल्ला झाल्याचें उघडकीस आलें. तें दप्तर पासपोर्टाचें नव्हतें. सरकारी नोकरांची व नोकरीच्या उमेदवारांची पार्श्वभूमि तपासण्यासाठीं मिळविलेली माहिती त्यांत होती. तेथून सुमारें २ कोटि १५ लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली व तींत सुमारें ५६ लक्ष लोकांच्या बोटांचे ठसे होते. त्या लोकांस सरकारनें काय भरपाई द्यावी? म्हणून ज्या खात्यास ठसे घेण्याचा अधिकार आहे, त्यानें ते खरोखर किती काळ ठेवणें जरूर आहे याचाहि विचार केला पाहिजे. जें ठेविलेंच नाहीं तें चोरीस जात नाहीं.

आतां शुद्धतेकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं पासपोर्ट असल्यास वडील माणसांच्या परवानगीनें त्याच्या छायाचित्राच्या पानाचा तळ पाहावा. तेथें इंग्रजी मोठीं अक्षरें, अंक व बाणासारख्या खुणा यांच्या दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळींत बरोबर ४४ जागा असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें ठरविलेली ही रचना जगभर एकच आहे, म्हणून कोणत्याहि देशाचें यंत्र ती वाचूं शकतें. जन्मतारखेच्या सहा अंकांनंतर एक एकटा अंक असतो, तो तपासणीचा अंक. तो काढण्याची रीत मोठी गमतीची आहे. समजा, जन्म १५ ऑगस्ट २०१० चा. ही तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें १००८१५ अशी लिहितात. या अंकांस अनुक्रमें ७, ३, १, ७, ३, १ यांनीं गुणावें : ७, ०, ०, ५६, ३, ५. यांची बेरीज ७१. तीस १० नीं भागून उरते बाकी १. हाच तपासणीचा अंक. आतां चुकून १० च्या जागीं ०१ पडले तर बेरीज ६७ व बाकी ७ येते. अंक जुळत नाहीं आणि यंत्र तत्काळ चूक दाखवितें.

परंतु ही युक्ति चुकीस पकडते, लबाडीस पकडत नाहीं. जो मनुष्य मुद्दाम तारीख बदलील, तो तपासणीचा अंकहि बदलील. रीत तर सर्वांस ठाऊक आहे. यासाठीं नव्या ई-पासपोर्टांत एक चिप बसवितात व तींतील माहितीवर देणाऱ्या सरकारची संगणकीय सही असते. ही सही जुन्या काळच्या राजमुद्रेसारखी समजावी. मजकुराचें एक अक्षर जरी बदललें तरी मुद्रा मोडते, व ती पुन्हां उठविण्याचा शिक्का केवळ त्या सरकारजवळ असतो. मुद्रा खरी कीं खोटी हें मात्र कोणासहि तपासतां येतें. भारतांत असे ई-पासपोर्ट सन २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें देण्यास आरंभ झाला व आरंभींच्या कार्यालयांत आपलें नागपूरहि होतें.

मुद्रा कितीहि उत्तम असली तरी ती पाहणारा पाहिजे. ज्या देशांच्या नागरिकांस व्हिसावांचून प्रवेश मिळतो, त्यांच्या पासपोर्टांत चिप असलीच पाहिजे, असा अमेरिकेनें सन २००६ च्या ऑक्टोबरपासून नियम केला. चिपा वाचणारीं यंत्रेंहि सीमेवर बसविलीं. परंतु चिपेवरील सही खरी आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्याची सोयच तेथें नव्हती. अमेरिकेच्या हिशेब-तपासणी कार्यालयानें सन २०१० मध्यें ही उणीव दाखविली. तरीहि सन २०१८ च्या फेब्रुवारींत रॉन वायडन व क्लेअर मॅकॅस्किल या दोन सिनेटरांस त्या खात्यास पत्र लिहून पुन्हां तेंच विचारावें लागलें. लखोटा उघडून पत्र वाचावयाचें, परंतु मोहोर पाहावयाची नाहीं, असला हा प्रकार. शिवाय मुद्रा ही केवळ एवढेंच सांगते कीं, सरकारनें जें लिहिलें तें नंतर बदललेलें नाहीं. मूळ दप्तरांतच कोणी खोटी नोंद घुसविली तर सरकारची खरी मुद्रा त्या खोट्या नोंदीवर उमटेल. म्हणून पुस्तिका कितीहि सुधारली तरी अखेर सर्व भार दप्तराच्या शुद्धतेवर येऊन पडतो.

तिसरें कर्तव्य उपलब्धतेचें. सन २०१५ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा-दप्तराच्या यंत्रसामग्रींत बिघाड झाला. जगभरच्या वकिलातींतून वॉशिंग्टनकडे बोटांचे ठसे वगैरे माहिती तपासणीसाठीं जाते, ती वाटच बंद पडली. तपासणीवांचून व्हिसा देतां येईना. कित्येक दिवस जगभर व्हिसे अडले. मेक्सिकोंतून अमेरिकेंतील शेतांवर मजुरीस जाणारे लोक सीमेजवळ खोळंबून राहिले आणि तिकडे शेतांत पीक काढणीस आलेलें. सायबर-हल्ल्याचा पुरावा नसल्याचें खात्यानें सांगितलें. आदल्या वर्षीं जुलैंतहि सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीनंतर हेंच दप्तर असेंच मंदावलें होतें. म्हणजे चोर आला नाहीं, कांहीं गेलें नाहीं. तरी ज्याची रोजी बुडाली त्यास फरक काय पडला? एकाच विहिरीवर साऱ्या गांवानें विसंबावें आणि त्या विहिरीचा रहाट मोडावा, तशी ही अवस्था.

या सर्व दाखल्यांत एक समान धागा आहे, तो वाचकांच्या दृष्टीस आलाच असेल. यांतील बहुतेक उणिवा कोणा असामान्य बुद्धीच्या चोरानें शोधून काढाव्या अशा गूढ नव्हत्या. खोल्यांस कड्या नव्हत्या, किल्ल्या फार हातांत होत्या, नक्कल बाहेर गेली होती, मोहोर पाहिली जात नव्हती, दुसरा रहाट नव्हता. घर चालविणाऱ्या कोणाहि शहाण्या गृहिणीस समजतील अशा या गोष्टी आहेत. आणि दोन ठिकाणीं तर कोणीतरी वेळेवर इशारा दिला होता! तो ऐकला गेला नाहीं. कारण उघड आहे. दप्तर फुटलें असतां हानि होते ती अर्जदाराची, आणि दुरुस्तीचा खर्च पडतो तो खात्यास. ज्यास हानि पोहोंचत नाहीं त्यास घाई कशाची? हें अंतर कमी करण्यासाठींच कायदा लागतो. आपल्या संसदेनें सन २०२३ मध्यें वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती फुटल्यास ज्याची ती असेल त्यास कळविलें पाहिजे, अशी तरतूद त्यांत आहे. मात्र सरकारी खात्यांस त्यांतून वगळण्याचा अधिकारहि केंद्र सरकारनें आपणांकडे ठेविला आहे. तो अधिकार किती जपून वापरला जातो, याकडे सुजाण नागरिकांनीं लक्ष ठेवावें.

उपाय तज्ज्ञांस ठाऊक आहेत. प्रत्येक पान उघडतांना "तुझा अधिकार काय?" असें यंत्रानें विचारावें, माहिती सांकेतिक लिपींत ठेवावी, म्हणजे चोरास ती निरुपयोगी व्हावी, बाहेरच्या निःपक्षपाती तपासनिसांकडून दप्तराची वरचेवर परीक्षा करावी, बिघाडाच्या वेळीं चालेल असें दुसरें दप्तर सज्ज असावें. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, उणीव दाखविणाऱ्याचे आभार मानून ती तत्काळ बुजवावी. भारतांत अशा सूचना स्वीकारण्यासाठीं सर्ट-इन ही सरकारी संस्था सन २००४ पासून काम करीत आहे.

दप्तराची राखण आपल्या हातीं नसली तरी आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. पालकांनीं पुढील गोष्टी अवश्य पाळाव्यात. पासपोर्टाचा अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा या संकेतस्थळावरच भरावा. तशाच नांवाचीं बनावट संकेतस्थळें पैसे व माहिती दोन्ही लाटतात, म्हणून पत्त्याच्या शेवटीं "गव्ह डॉट इन" हीं सरकारी अक्षरें आहेत कीं नाहींत हें पाहावें. पासपोर्टाच्या पानाचें छायाचित्र काढून तें ओळखीपाळखीच्या एजंटास व्हॉट्सअ‍ॅपवर धाडण्याची संवय फार वाढली आहे, ती सोडावी. नक्कल देणें भागच असेल तर तिच्यावर कोणत्या कामासाठीं व कोणत्या तारखेस दिली तें आडवें लिहावें. सायबर कॅफेंतील किंवा छायाप्रतीच्या दुकानांतील संगणकावर फाइल उघडली असेल तर ती पुसल्यावांचून उठूं नये. पासपोर्ट सेवेच्या खात्याचा पासवर्ड एजंटास देऊं नये आणि दुसऱ्या कोणत्याहि ठिकाणीं तोच वापरूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांस एक निराळी गोष्ट सांगावयाची आहे. तुमच्यापैकीं कित्येकांस संगणकाची विद्या आमच्याहून अधिक अवगत आहे, याचें आम्हांस कौतुकच वाटतें. उद्यां तुमच्या हातून एखाद्या पत्त्यांतील अंक सहज बदलला जाईल आणि कोणा अनोळखी मनुष्याचा अर्ज तुमच्या पुढ्यांत उघडेल. दार उघडें आहे म्हणून आंत जाण्याचा अधिकार मिळत नाहीं. अधिकारावांचून दुसऱ्याची माहिती काढून घेणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें दंडनीय अपराध आहे. परंतु कायदा नसता तरीहि तें अनुचितच ठरलें असतें. अशा वेळीं तें पान बंद करावें, त्याची नक्कल ठेवूं नये, मित्रांस दाखवूं नये आणि वडील माणसांस किंवा शिक्षकांस सांगून त्यांच्यामार्फत संबंधितांस कळवावें. सन २००५ मधील त्या अर्जदारानें जें केलें तें हेंच.

आणि तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें सरकारी कचेरींत अधिकारी होतील, कांहीं जण असलीं दप्तरें बांधणारे अभियंते होतील. तुमच्या मेजावर एके दिवशीं एका अनोळखी मनुष्याचें पत्र येईल कीं, "तुमच्या दाराची कडी निघालेली आहे." कामाची घाई असेल, पत्राची भाषा ओबडधोबड असेल, लिहिणारा कोणी मोठा मनुष्य नसेल. तें पत्र बाजूस सारूं नका. त्या दाराआड ज्यांचीं नांवें आहेत, त्यांना तुमच्यावांचून दुसरा राखणदार नाहीं.